बहात्तर

दोर्दोयच्या बाजारात, सातव्या ओळीत,
एकावर एक रचलेले दोन कंटेनर माझे.
वरच्यात माल, खालच्यात मी,
आणि पायाशी विजेची शेगडी,
जिची ऊब गुडघ्याच्या वर कधी चढली नाही.

ओमुरझाक गाडी ढकलतो.
ब्लँकेटांचे सहा गठ्ठे, समोरचं काही दिसत नाही,
म्हणून ओरडत जातो: जोल! जोल!
वाट द्या, वाट.
दोन्ही हात गाडीला. फोन खिशात वाजून वाजून गप्प होतो.
मुलगा येकातेरिनबुर्गला फरशा बसवतो,
त्याची जेवणाची सुट्टी अर्धा तास,
आणि नेमके तेव्हाच इथले ट्रक रिकामे होतात.

म्हणून ते घड्याळ.
कुणी घेत नव्हतं. साबणाच्या वडीएवढं जाड.
सिम आत जातं, फोन म्हणून चालतं,
पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोपसुद्धा मोजतं म्हणे.
मी साडेतीन हजार सोम सांगितले.
तो सव्वीसशे म्हणाला आणि त्याने हातमोजा काढला.

मनगट पाहिलं आणि वाटलं, नको विकायला.
एवढी वर्षं एवढी ओझी,
आणि मनगट शाळकरी पोरीच्या वेणीएवढं.
पट्ट्याचं शेवटचं भोकही सैल.
शेजारून आरी मागून आणली, आणखी दोन भोकं पाडली.
हातावर पोट होतंच त्याचं,
वर हे ताटही आलं.

"ठोके दाखव," म्हणाला.
बहात्तर.
"बरे आहेत ना?"
"विशीतल्या पोराचे आहेत," मी म्हणाले, आणि पैसे मोजले.

तीन आठवडे त्याने दिसेल त्याला मनगट दाखवलं.
काचेवर फुंकर मारायचा, बाहीने पुसायचा.
"जोल!" ओरडला की घड्याळ उजळायचं
आणि एक बाई रशियनमध्ये नम्रपणे म्हणायची,
समजलं नाही, पुन्हा सांगा.
तो पुन्हा सांगायचा. तिलाही वाट मागायचा.

मग जानेवारीतली ती दुपार. उणे अठरा.
त्याची गाडी माझ्या दारासमोर, मागे आणखी चार,
थांबायची सोय नाही.
मनगट वाजलं. त्याने वाकून हनुवटीने उचललं.

"आता," घड्याळ म्हणालं.
आमच्याकडे बापाला आता म्हणतात.
"आता, मला इथला पासपोर्ट मिळाला."
घड्याळाला कुजबुजता येत नाही,
आणि कानाशी न्यायला हात मोकळा नव्हता.
मोजेवाली ऐकत होती, कुलपांवाला ऐकत होता,
सामसे विकणारा पोरगा झाकण अर्धवट उघडून उभा.
"फ्लॅट घेतोय, हप्त्यांवर. मेंढ्या विकून टाका.
या उन्हाळ्यात जमणार नाही. पुढच्याही बहुतेक.
आता? ऐकू येतंय?"

"येतंय," गठ्ठ्यांमागून तो म्हणाला.
"जेवलास का?"

नंतर त्या ओळीत त्याला ओरडावं लागलं नाही.
माणसं आपसूक भिंतींना चिकटली,
आणि चाकं तेवढी बर्फावर करकरत गेली.

संध्याकाळी मी शटर ओढत होते, तेव्हा आला.
मला वाटलं, परत करायला.
त्याने हात माझ्या टेबलावर ठेवला, पालथा,
डॉक्टरपुढे ठेवावा तसा.
"ठोके."
बहात्तर.
बराच वेळ बघत राहिला.
"म्हणजे काही झालेलं नाही," म्हणाला.
बाही घड्याळावरून खाली येईना,
तशीच अर्धी ठेवून गेला.

मी बोलले नाही.
हा माल आला त्या सकाळी मी एक घड्याळ
तंदुरातून काढलेल्या नानची गुंडाळी करून
तिला बांधून पाहिलं होतं.
बहात्तर.
मग शेगडीच्या पायाला. तिथेही तेच.
स्वतःच्या मनगटाला मात्र बांधलं नाही.

नान गरम होता.
उभ्या उभ्या खाऊन टाकला.